न पाहिलेल्या मोटारीचा व्यवहार



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. जेथे संतवाङ्मयावर आणि राज्यघटनेवर बोलणे व्हावयाचे, तेथे जुन्या मोटारींची खरेदी कशाला, असे कोणी विचारले तर त्यात काही गैर नाही. परंतु 1875 साली पुण्यात ज्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, ते न्यायमूर्ती रानडे स्वतः अर्थशास्त्राचे मोठे व्यासंगी होते. तेव्हा बाजारात माणूस कसा आणि का फसतो, हा विषय या परंपरेला परका मानण्याचे कारण नाही.

शिवाय या विषयाला एक विद्वत्तेचा आधारही आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. तिकडे वाईट निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून निबंधाच्या नावातही लिंबू आले. या निबंधातील विचाराबद्दल अकेरलॉफ यांना 2001 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विचार साधा आहे. समजा, बाजारात निम्म्या मोटारी चांगल्या, दहा लाखांच्या. आणि निम्म्या खराब, पाच लाखांच्या. कोणती कशी हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा काय करतो? मधला भाव धरून साडेसात लाख देऊ म्हणतो. चांगल्या मोटारीचा धनी म्हणतो, “एवढ्याला मी कशाला देऊ?” आणि तो आपली मोटार घरी घेऊन जातो. बाजारात उरतात त्या खराब मोटारी. म्हणजे लबाडीने केवळ एका गिऱ्हाइकाचे नुकसान होत नाही. प्रामाणिक विकणाराही बाजारातून हद्दपार होतो. ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे, म्हणून आपण ती ध्यानात ठेवावी.

आपल्या बैलबाजारातही ही अडचण होतीच. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे; पण त्याआधी शेतकरी बैलाचे दात पाही, त्याला चार पावले चालवून पाही आणि गावातला एखादा जाणता सोबत नेई. आज मोबाइलच्या पडद्यावर मोटार दिसते. तिचे दात मात्र दिसत नाहीत. पाहणे, चालवणे आणि जाणत्याला नेणे या तीन गोष्टी दुरच्या व्यवहारात गळून पडल्या, आणि जी फट पडली तीतून ठग आत आला.

त्यातही साधी कुटुंबाची गाडी वेगळी आणि स्पोर्ट्स कार वेगळी. कुटुंबाची गाडी घेताना माणूस हिशोब करतो. स्पोर्ट्स कार घेताना तो वीस वर्षांपूर्वी भिंतीवर लावलेले चित्र विकत घेत असतो. अशी गाडी आपल्या गावात सहसा नसते. दिल्लीला, बंगळूरला किंवा कोचीला असते. तिचा वाजवी भाव शेजाऱ्याला विचारून कळत नाही. नाक्यावरच्या मेकॅनिकने ती कधी उघडलेली नसते. इच्छा उत्कट, माल दुर्मिळ आणि माहिती थोडी, अशी तिन्ही एकत्र आली की ठगाला फारसे कष्ट उरत नाहीत.

या फसवणुकीचे दोन वर्ग पडतात. एकात मोटारच नसते. दुसऱ्यात मोटार असते, पण सांगितली तशी नसते.

पहिल्या वर्गातील जुना प्रकार आता बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. जाहिरातीत छायाचित्र झकास, भाव बाजारापेक्षा बराच कमी, आणि त्या कमी भावाला एक हळवे कारण. मी सैन्यात आहे, बदली झाली आहे. किंवा परदेशी निघालो आहे, वेळ नाही. विश्वास बसावा म्हणून ओळखपत्राचे चित्रही येते. मग थोडा विसार मागितला जातो. विसार गेला की वाहतुकीचे पैसे, त्यानंतर विम्याचे, त्यानंतर कर, आणि “हे सारे परत मिळणारे आहे” हे आश्वासन. येथे मनाचा एक धर्म ओळखला पाहिजे. पहिले पाच हजार गेले की ते वाचवण्यासाठी माणूस दुसरे दहा हजार घालतो. तेव्हा नियम असा धरावा की जी मोटार डोळ्यांनी पाहिली नाही, तिचा विसार द्यावयाचा नाही. मग रक्कम कितीही लहान असो. ओळखपत्राच्या चित्राने माणसाची ओळख पटत नाही. ते चित्र एखाद्या आधी फसलेल्या गृहस्थाचे असू शकते.

याच वर्गातला दुसरा प्रकार फार चतुर आहे, आणि तो मी जरा सावकाश सांगतो. समजा, कोल्हापूरच्या एका सद्गृहस्थांनी आपली मोटार अठरा लाखांना विकण्याची जाहिरात दिली. ठग ती जाहिरात जशीच्या तशी उचलतो आणि चौदा लाख भाव लावून स्वतःच्या नंबरासह पुन्हा प्रसिद्ध करतो. नाशिकचे एक गिऱ्हाईक त्याला फोन करते. ठग त्यांना सांगतो, “गाडी माझ्या चुलतभावाकडे आहे. जाऊन खुशाल पाहा. फक्त त्याच्याजवळ भावाचे बोलू नका. आमचा घरगुती हिशोब आहे.” इकडे कोल्हापूरच्या मालकाला तो सांगतो, “अठरा लाख कबूल. माझे मेहुणे गाडी पाहायला येतील. मी त्यांना ती भेट देणार आहे, तेव्हा त्यांच्यापुढे किंमत काढू नका.” आता पाहा, मोटार खरी, कागद खरे, मालक खरा, गिऱ्हाईकही खरे. दोघे समोरासमोर उभे राहतात, चहा घेतात, मोटार चालवून पाहतात. आणि ज्या एका गोष्टीवर बोलायचे तीच बोलत नाहीत. गिऱ्हाईक समाधानाने चौदा लाख धाडते, ते ठगाच्या खात्यात. मग पैसे मिळाले नाहीत म्हणून मालक गाडी देत नाही, पैसे दिले म्हणून गिऱ्हाईक हटत नाही, आणि दोन भले माणूस एकमेकांना चोर म्हणत पोलीस ठाण्याची पायरी चढतात.

यावर उपाय एका वाक्यात सांगता येतो. ज्याच्या नावाने गाडीची नोंद आहे त्याच्याशी भाव तोंडाने, मोठ्याने बोलावा आणि पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात भरावे. कोणी “भावाचे बोलू नका” असे सांगितले, की तेथेच समजावे की ही अट आपल्याला अडकवण्यासाठी आहे.

विकणाऱ्यांनाही एक इशारा देतो. गिऱ्हाईक म्हणून फोन येतो, घासाघीस होत नाही, आणि लगेच “विसार पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा, पिन टाका” असे सांगण्यात येते. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घ्यावयास पिन लागत नाही. एवढे एक वाक्य घरातील वडीलधाऱ्यांना पाठ करून दिले तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आता दुसरा वर्ग. येथे मोटार आहे, पण तिचे चरित्र लपवलेले आहे.

प्रथम वेषांतर पाहू. 2016 साली फोक्सवॅगन कंपनीने पोलो मोटारीची जीटीआय ही वेगवान आवृत्ती भारतात आणली, आणि तीही मर्यादित, अवघ्या 99 मोटारी. तिला बाजूचे दरवाजे दोनच. आपल्या रस्त्यांवर जी सामान्य पोलो दिसते तिला चार. तेव्हा चार दरवाजांच्या पोलोवर जीटीआयची अक्षरे डकवून कोणी जास्त पैसे मागू लागला, तर दरवाजे मोजण्याने काम भागते. सर्वच ठिकाणी इतके सोपे नसते. पण प्रत्येक दुर्मिळ मोटारीला अशी एखादी खूण असते. ती खूण शिकल्यावाचून पैशाची पिशवी सोडू नये.

दुसरी गोष्ट चॅसिस नंबर. आधुनिक मोटारीचा हा नंबर सतरा अक्षरा-अंकांचा असतो, आणि आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे त्यात वापरीत नाहीत. यांपैकी एखादे अक्षर कागदावर दिसले तर तो कागद संशयास्पद समजावा. नंबर कागदावर वाचून थांबू नये. पत्र्यावर कोरलेला पाहावा. भोवतीचा रंग नवा आहे का, पत्रा घासला किंवा जोडला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. मग तोच नंबर आर.सी. बुकाशी आणि सरकारच्या ‘वाहन’ नोंदीशी ताडून पाहावा. त्या नोंदीत मालक कितवा, विमा कधीपर्यंत आणि कर्जाचा बोजा आहे की नाही, हेही कळते. सातबाऱ्यावर बोजा असताना जमीन घेणारा शहाणा म्हणत नाहीत, तसेच येथेही. बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 हाती आल्यावाचून बोजा उतरला असे धरू नये. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो आणि येथे कर भरावा लागतो. दिल्लीची स्वस्त मोटार महाराष्ट्रात आल्यावर तितकी स्वस्त राहत नाही, हा हिशोब पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येतो.

परदेशी बनावटीच्या मोटारीबाबत आणखी एक जोखीम असते. सप्टेंबर 2025 मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळात मोठ्या झडत्या घेतल्या, त्या भूतानमार्गे जकात चुकवून आणलेल्या मोटारींच्या संशयावरून. असा माल निघाला तर विकणारा निसटतो आणि गाडी जप्त होते ती घेणाऱ्याच्या दारातून. म्हणून आयातीचे व जकातीचे मूळ कागद मागावे.

तिसरी गोष्ट मोटारीची प्रकृती. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे ही विद्या जुनी आहे. अमेरिकेने तिच्याविरुद्ध 1972 साली कायदा केला, तरी ती तेथेही संपली नाही. आकडा खोटे बोलला तरी पायाखालचे पेडल, स्टिअरिंगवरचे झिजलेले चामडे आणि सर्व्हिसच्या नोंदी खोटे बोलत नाहीत. पाण्यात बुडालेल्या मोटारीचेही तसेच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि 2015 च्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी बुडालेल्या मोटारी धुऊनपुसून दूरच्या गावी विक्रीस येऊ शकतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पाण्याची रेघ तेथे सापडते. गालिचा उचलावा, सीटखालचे रूळ गंजले आहेत का ते पाहावे. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, म्हणून तिच्यात पाणी लवकर शिरते. आणि त्या जातीच्या मोटारी उघडणारा कारागीर दोन-चार हजार घेऊन तपासणी करीत असेल, तर तो खर्च वायफळ मानू नये. बैलबाजारातला जाणता तो हाच.

आता कायद्याचे थोडे. मोटार विकली, किल्ली दिली, पैसे घेतले म्हणजे व्यवहार संपला असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका खटल्यात असा निर्णय दिला की ज्याचे नाव नोंदीत आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. मग मधल्या काळात गाडी कितीही हात बदललेली असो. म्हणून फॉर्म 29 आणि 30 यांवर सह्या करून ते दलालाच्या खणात ठेवू नयेत. विकणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर, चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे; घेणाऱ्याने तीस दिवसांत. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

इतके करूनही फसवणूक झाली तर? तर पहिले काम 1930 या क्रमांकावर फोन करणे. ठगाकडे गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळतात. पहिल्या काही तासांत कळवले तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. आठवड्याने फारशी नसते. आणि हे तास बहुधा कशात जातात? लाजेत. लोक काय म्हणतील, बायकोला काय सांगू, मुलगा हसेल. ठगाचा सर्वांत मोठा साथीदार ही लाज आहे. ‘चारसोवीस’ हा शब्द आपल्या भाषेत रुळला तो फसवणाऱ्यासाठी, फसलेल्यासाठी नव्हे. 1 जुलै 2024 पासून ते कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचे 318 आले. पण कलमाचा आकडा बदलला तरी गुन्हेगार कोण हे बदललेले नाही. ज्या घरात फसलेल्या माणसाला आधी हसतात, त्या घरात पुढचा फसलेला माणूस गप्प बसतो.

येथे अकेरलॉफ यांची गोष्ट पुन्हा काढतो. संशयाने बाजार मरतो, आणि भोळेपणानेही मरतो. आपल्यापैकी पुष्कळांना केव्हा ना केव्हा एखादी जपून वापरलेली वस्तू विकायची असते, आणि तिचे योग्य मोल व्हावे अशी इच्छा असते. ते मोल तेव्हाच होते, जेव्हा घेणारा तपासतो आणि विकणारा तपासू देतो. “गाडी तपासून घेईन” या शब्दांनी प्रामाणिक विकणाऱ्याचा अपमान होत नाही. उलट त्याच्या प्रामाणिकपणाला तेथे किंमत येते. ज्याला राग येतो त्याच्याशी व्यवहार करू नये, एवढेच.

हौस करण्यास माझी हरकत नाही. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाने पन्नाशीत लाल रंगाची मोटार घेतली तर तिला नावे ठेवणारा मी नव्हे. माझे मागणे इतकेच की हौस मनात ठेवावी आणि हिशोब हातात ठेवावा. मोटार पाहावी, मालक पाहावा, कागद पाहावा, आणि या तिघांचे जमत असेल तरच खिशात हात घालावा.