किती आणि कोठे



पाहुण्याने उपदेशाचे चार शब्द बोलून हारतुरे स्वीकारावेत, असा स्नेहसंमेलनाचा रिवाज आहे. परंतु २०२४ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात लहानथोरांचे केस अवघ्या काही दिवसांत मुळासकट हातात येऊ लागले, ही घटना स्मरणात असताना तो रिवाज पाळणे मला प्रशस्त वाटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तपासास आले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम अतोनात वाढल्याचे व जस्त घटल्याचे सांगून गव्हावर संशय व्यक्त केला.

सेलेनियम हे आवर्तसारणीत गंधकाचे सख्खे भावंड. केसाचे बळ ज्या केराटिन प्रथिनात, ते गंधकाच्या दुव्यांनी बांधलेले. तेथे हा तोतया शिरला की दुवा कच्चा राहतो, असे विषवैद्यक मानते. परंतु नेहमीची परीक्षा नमुना आम्लात विरघळवून होते, आणि ती ‘किती’ एवढेच सांगते. खानेसुमारीत माणसे मोजली, पण कोणाचे बिऱ्हाड कोणत्या वाड्यात ते दप्तरी नाही, असा तो प्रकार.

‘कोठे’ हे सांगण्याचे सामर्थ्य १९३१ साली बर्लिनमध्ये रुस्का व क्नोल यांनी ज्याची सुरुवात केली त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पुढे आले. किरणातील इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनाला उडवतो, तेव्हा त्याला ऊर्जेचा जो भुर्दंड पडतो त्यावरून अणूची जात कळते, आणि बिंदूमागून बिंदू ती मांडीत गेले की मूलद्रव्याचा नकाशा उभा राहतो. टोरांटोच्या बॅझेट-जोन्स व ऑटेन्समेयर यांनी १९८१ मध्ये न्यूक्लिओसोममधील फॉस्फरस याच भुर्दंडावरून टिपला. डीएनएच्या कण्यात फॉस्फरस असतो, न्यूक्लिओसोममध्ये डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांत तो जवळजवळ नसतो, म्हणून फॉस्फरसची रेषा हीच डीएनएची वाट. ही युक्ती मला तरी फार मोठ्या बुद्धीची वाटते.

मात्र जो किरण दाखवतो तोच नाजूक रेणूला जाळतो, आणि मूलद्रव्य तुरळक असेल तर त्याची खूण हाती लागत नाही. केसातील सेलेनियमसाठी म्हणूनच इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनचा क्ष-किरण अधिक उपयोगी पडावा.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे: गावात असे काही घडल्यास केस, धान्य आणि विहिरीचे पाणी यांचे नमुने गाव व तारीख घालून निगुतीने जपून ठेवा, आणि ते सगळेच्या सगळे एका परीक्षेत विरघळू देऊ नका.