कानाची चाचणी घरी, जबाबदारी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्याला नीट ऐकू येते की नाही, याची प्राथमिक चाचणी आता घरबसल्या मोबाइलवर करता येते. दक्षिण आफ्रिकेत २०१६ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेतर्फे २०१९ साली अशी साधने लोकांपुढे आली. चाचणीचे तत्त्व सोपे आहे. गोंगाटात मिसळलेले तीन आकडे ऐकू येतात. ऐकले ते फोनवर दाबायचे. उत्तर बरोबर आले की पुढचे आकडे गोंगाटाच्या मानाने क्षीण होतात, चुकले की ठळक होतात. मोजायचे असते ते आकडे आणि गोंगाट यांचे परस्पर प्रमाण. त्यामुळे स्वस्त फोन आणि साधे इअरफोनही चालतात. गरिबाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

तथापि ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. कानातला मळ, पडद्याचे छिद्र किंवा एकाच कानाचा दोष तीतून निसटू शकतो. शिवाय चाचणी फुकट असली तरी श्रवणयंत्र फुकट नाही. श्रवणदोषाने अपंगत्व आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, हे येथे विसरून चालणार नाही.

यात एक धोकाही आहे. भिवंडीचा किंवा इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार एकट्याने घरी चाचणी करतो आणि आपला कान गेल्याचे त्याला कळते. मग ते त्याचे खासगी दुर्दैव ठरते. वास्तविक गोंगाटाने येणारे बहिरेपण हा १९४८ च्या कारखाना कायद्याने अधिसूचित केलेला व्यवसायजन्य रोग. २०२० च्या श्रमसंहितेच्या परिशिष्टातही तो आहे. मात्र त्याच संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी किमान कामगारसंख्या १० वरून २० केली. लहान मागशाळा व्याख्येबाहेर राहिल्या; त्यांतला खडखडाट काही कमी झाला नाही. आतल्या कानातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. नफा मालकाच्या खात्यावर आणि हानी कामगाराच्या कानावर, असा हा हिशेब आहे.

म्हणून हे साधन व्यक्तीच्या हातून संघटनेच्या हाती आले पाहिजे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील गोंगाट घातक समजावा. अशा ठिकाणच्या कामगारांची चाचणी वस्तीत, शांत खोलीत आणि सुटीच्या दिवशी घ्यावी. पाळी संपताच घेऊ नये, कारण तेव्हा कान तात्पुरते बधिर झालेले असतात. निकाल कामगाराच्या संमतीविना मालकापर्यंत जाता कामा नये; एरवी कानाबरोबर नोकरीही जाईल. दोष आढळलेल्यांना एकत्रितपणे जिल्हा रुग्णालयात न्यावे आणि संपूर्ण तपासणी मागावी. बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. त्याचा जाब तेथेच विचारता येईल.

एका कामगाराचा निकाल ही तक्रार असते. शंभरांचे निकाल एकत्र आले, म्हणजे तो पुरावा होतो. तो गोळा करणे हे आपले काम आहे.