विंचवाचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला आहे तो असा : येत्या पौषात आपल्या मंडळाची सहल भंडारदऱ्याला जायची आहे, तिची आखणी कशी असावी? मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण घर चालवण्याची आहे, आणि ही सहल म्हणजे घरच चाकांवर चढवून डोंगरात न्यायचे आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे. तेव्हा जे सांगायचे ते संसाराच्याच भाषेत सांगते.

पहिला प्रश्न आपल्यातल्याच काही जणींनी विचारला आहे. "अगं, डोंगर आपल्या दारात, तलाव आपल्या दारात. ताम्हिणी, घनगड, कोराईगड बघायला लोक लांबून येतात. मग आपण दुसऱ्याच्या डोंगरात कशाला जायचे?" प्रश्न रास्त आहे. पण आपण आपल्या डोंगराकडे कधी बघतो ते आठवा. डोक्यावर मोळी असताना, नाहीतर गुरे परत आली नाहीत म्हणून. शनिवार-रविवारी तलावाच्या काठी तंबू लागतात, तेव्हा आपल्यापैकी कित्येकजणी तिथे भाकऱ्या थापायला जातात. चार पैसे मिळतात, ते चांगलेच आहे. पण तंबूत झोपून सकाळी तलावावरचे धुके बघितले आहे, अशी एक तरी बाई या सभेत आहे का? आपल्या गावात आपण कायम यजमानीण. पाहुणी व्हायचे तर गाव सोडावे लागते.

तंबू आपल्याला नवा नाही. पंढरीच्या वाटेवर दिंड्या जातात, तेव्हा पुढे तळावर राहुट्या उभ्या राहतात, ट्रकमधून शिधा आणि भांडी येतात, पाण्याचा टँकर लागतो. हजारो माणसांचे बिऱ्हाड रोज उठते आणि रोज नव्या गावी बसते. ते कशावर चालते? रात्रीचा तळ कुठे, पाणी कुठले आणि कोणाचे काम कोणते, हे आधी ठरलेले असते यावर. आपल्या सहलीचीही हीच तीन कलमे आहेत.

आता गाडीचे. आपण अठराजणी आहोत. एक टेंपो ट्रॅव्हलर केली की भागेल असे कोणी म्हणेल, पण आपल्यातल्या चार वडीलधाऱ्या बायकांना गुडघ्यांमुळे जमिनीवर झोपता येत नाही, आणि रात्री दोनदा उठावे लागते. त्यांच्यासाठी कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी असे ठरते आहे. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत झोपायची फळी, लहानसा ओटा, बेसिन आणि संडास असतो. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच मंजूर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे कानावर पडू लागला. बाकीच्या चौदाजणी ट्रॅव्हलरने जातील आणि तंबूत झोपतील.

आमच्या धाकट्या वन्सं अमेरिकेत असतात. त्यांच्याकडे ॲपेलेशियन नावाची मोठी डोंगररांग आहे. एका सुट्टीत ती दोघे मुलांना घेऊन असल्याच गाडीने तिकडे गेली. शेननडोह नावाच्या राखीव जंगलातून १०५ मैलांचा रस्ता डोंगरमाथ्यावरून जातो, आणि पुढे त्याला ब्ल्यू रिज पार्कवे नावाचा ४६९ मैलांचा दुसरा रस्ता मिळतो. फोनवर वन्संनी वर्णन केले ते ऐकण्यासारखे होते, पण मी लक्षात ठेवली त्यांची तयारी. त्या पहिल्या रस्त्यावर एक बोगदा आहे, त्याची उंची १२ फूट ८ इंच. म्हणून घरून निघतानाच त्यांनी गाडीची उंची मोजून कागदावर लिहिली आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिकटवली. रात्रीची जागा आधी नोंदवली, कारण तिथे जागेला नंबर असतो. अस्वले येतात म्हणून खाण्याचा कणही उघडा ठेवला नाही. आणि रस्ता उघडा आहे की नाही हे आदल्या दिवशी विचारले. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने त्याच पार्कवेचे फार नुकसान केले होते आणि तो बंद ठेवावा लागला होता. एवढ्या सोयींच्या देशात बाई इतके विचारून निघते, तर आपण किती विचारले पाहिजे!

आपला रस्ता असा. पौडहून निघून चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि भंडारदरा. अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास. नकाशा पाच तास म्हणाला तरी आपण सात धरावेत, कारण नकाशाला चहा लागत नाही. गाडी ठरवताना मालकाकडून उंची आणि रुंदी लिहून घ्यावी. तलावाभोवतीचे रस्ते अरुंद आहेत, आणि गावातून जाताना झाडाची फांदी आणि विजेची तार यांकडे बघावे लागते. भाड्यात इंधन, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल आहे की नाही, हेही कागदावर असावे. तोंडी ठरलेले तोंडीच राहते.

दिवस पौषातलेच का, हेही सांगते. भाताची मळणी उरकलेली असते. पौषात लग्नकार्ये नसतात. संक्रांतीची हळदीकुंकवे सुरू व्हायच्या आधी तीन दिवस मोकळे काढता येतात. शुक्रवारी पहाटे निघायचे आणि रविवारी रात्री घरी. काहीजणी म्हणाल्या, पावसाळ्यात जाऊ, धबधबे दिसतील. दुसरी म्हणाली, मृगाच्या सुमाराला काजवे बघायला जाऊ. काजवे खरोखर बघण्यासारखे असतात, पण त्या दिवसांत गर्दी लोटते आणि पाऊस कधी कोसळेल याचा नेम नसतो. पावसाचे पाणी काय करते हे आपण मुळशीकरांनी कोणाकडून शिकायला नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत लेकरे होती. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी चढते. म्हणून तळाचा नियम एकच : ओढ्याच्या पात्रात नाही, पाण्याच्या काठाला लागून नाही, उंच आणि सपाट जागी. थंडीत ओढा कोरडा दिसला तरी नियम मोडायचा नाही.

भंडारदऱ्याच्या आसपासचे बरेचसे जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. तेव्हा कुठेही तंबू ठोकला असे चालणार नाही. वनखात्याला विचारून, परवानगीच्या जागेतच राहायचे, आणि शेकोटीही विचारूनच. जुन्नर-अकोल्याकडे बिबटे आहेत. अंधार पडल्यावर एकटीने तळ सोडायचा नाही. उष्टेखरकटे बाहेर टाकले की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अस्वलासाठी वन्संनी जे केले, तेच आपण बिबट्यासाठी करायचे.

थंडी कडक असते. प्रत्येकीने दोन गोधड्या, कानटोपी आणि विजेरी आणावी. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत घेऊ नये. कोळशाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला वास नाही की रंग नाही. झोपलेले माणूस झोपेतच जाते. गॅसची शेगडी पेटवायची तीही बाहेर, मोकळ्यावर.

पाण्याचा हिशेब मी असा केला आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोजचे ५ लिटर. अठराजणींचे ९० लिटर. म्हणजे २० लिटरचे पाच जार रोज, आणि ते गावातून भरून घ्यायचे. धुण्याभांड्याचे पाणी वेगळे.

आता मोरीचे बोलते. कॅराव्हॅनला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची. पहिली कुठे भरायची हे सगळे विचारतात. दुसरी कुठे रिकामी करायची हे कोणी विचारत नाही. तलावात? ओढ्यात? आपल्या तलावाकाठी कोणी घाण सोडून गेले की आपल्या जिवाची कशी आग होते! याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि शेवटी त्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेलीच. त्या पाण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, म्हणजे आपल्या धरणाच्याच पिढीचे. त्या प्रवरेच्या पाण्यावर खालची गावे जगतात. तेव्हा टाकी रिकामी करायची सोय असलेला मुक्काम मिळाला तरच कॅराव्हॅन न्यावी. न मिळाल्यास चार वडीलधाऱ्यांसाठी खोली घ्यावी आणि कॅराव्हॅनचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कचऱ्याची पिशवीही परत आणायची, पौडपर्यंत.

आणि जे चारचौघांत बोलत नाहीत तेही बोलते. आपल्यातल्या कितीतरी बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. का, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दर दोन तासांनी, चांगली सोय असलेला थांबा आधीच ठरवून त्याची यादी ड्रायव्हरजवळ द्यायची. तळावरही संडासाची सोय आधी बघायची आणि मग पैसे भरायचे. पाळी असली तरी कोणी मागे राहायचे नाही. त्याची सोय गाडीत असेल.

आता शेवटचे आणि मुख्य कलम, कामाचे. कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. तिची दंतकथा तिकडे सांगतात. कळसू नावाची मुलगी पायथ्याच्या गावात पाटलाकडे कामाला राहिली. तिची अट होती, बाकी सांगाल ते करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी घरात पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितले. तिने ते केले, आणि डोंगर चढून गेली ती परत आली नाही. लोकांनी तिला देवी मानले.

मैत्रिणींनो, त्या कळसूच्या दर्शनाला जाऊन आपण दोन्ही दिवस भांडीच घासत बसायचे का? बाईमाणसाची सहल म्हटली की पुष्कळदा घरातला ओटा उचलून झाडाखाली ठेवलेला असतो. माणसे म्हणतात, किती मजा आली, आणि तिला दिसलेला असतो फक्त स्टोव्ह. म्हणून मी असे सुचवते. पहिल्या दिवशीचा डबा घरून : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ. त्याला ना चूल लागते ना ताट. रात्रीचे आणि दुसऱ्या दिवशीचे जेवण तिथल्याच बायकांच्या बचत गटाकडे आधी सांगून ठेवायचे, आणि घासाघीस न करता दाम मोजायचे. आपल्याला तंबूवाल्यांकडून काय मिळावेसे वाटते, ते आपण त्यांना द्यावे. त्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेची पायरी न चढता, देशी बियाणी जतन केली. त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. अशा बायकांच्या मुलखातले अन्न आपण मानाने मागून खावे.

उरलेली कामे, म्हणजे चहा, पाणी भरणे, तंबू झाडणे, चिठ्ठ्या टाकून वाटायची. एकीला एकच काम, एकदाच. सुनेच्या चिठ्ठीत आले म्हणून सासूचे काम सुनेने करायचे नाही, आणि अध्यक्षबाईंची चिठ्ठी अध्यक्षबाईच करतील. (त्या हसताहेत, म्हणजे कबूल आहेत.) शनिवारी पहाटे ज्यांना जमेल त्या कळसूबाई चढतील. बाकीच्या गाडीने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचे जुने कोरीव देऊळ बघतील, आणि रंधा धबधबाही बघतील. कोणी बघता बघता नुसती बसून राहिली, तरी तिला "काय करतेस?" असे विचारायचे नाही.

राहिले घरचे. तीन दिवस घर कसे चालेल, ही काळजी प्रत्येकीला आहे. एका शेजारणीला तिच्या यजमानांनी विचारले, "आमच्या जेवणाचे काय?" ती म्हणाली, "डब्यात पीठ आहे, ताटात दोन हात आहेत." मी याहून जास्त सांगत नाही. फक्त एक विनंती. जाण्याआधी तीन दिवसांचा स्वयंपाक करून, फ्रीज भरून, दमून गाडीत बसू नका. तुम्ही दमून बसलात, तर तीन दिवस झोपच काढाल आणि तलाव बघायचा राहील.

भिशीतून जमलेली रक्कम खजिनदारबाईंकडे आहे. ज्यांना एकदम पैसे देणे जड जाते, त्यांनी तीन हप्त्यांत द्यावेत. कोणाचे नाव वहीत वेगळ्या शाईने लिहिले जाणार नाही. नावे दत्तजयंतीपर्यंत यावीत, म्हणजे परवानगी, गाडी आणि जेवण यांची बोलणी करता येतील. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी चार दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. डोंगरात मोबाईलला कधी रेंज असते, कधी नसते, म्हणून घरच्यांना तळाचा पत्ता कागदावर लिहून द्यावा.

वही सेक्रेटरीबाईंजवळ उघडीच आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे, त्याखालच्या सतरा ओळी कोऱ्या आहेत.