आकाशांतून येणारें चित्र आणि घरचा संग्रह

इ. स. १९६३ मध्यें लंडनच्या बी. बी. सी. नें ‘डॉक्टर हू’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. ती अतिशय लोकप्रिय झाली. परंतु त्या काळीं चित्रफिती महाग होत्या आणि एकदां दाखविलेला खेळ पुन्हां कोणाला हवासा वाटेल, अशी कल्पना नव्हती. म्हणून पुढें कित्येक भागांच्या फिती पुसून त्या दुसऱ्या कामास लावण्यांत आल्या. अशा रीतीनें त्या दशकांतील अनेक भागांचें चित्र नाहींसें झालें. नवल असें, कीं हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आजहि ऐकावयास मिळतो. तो संस्थेनें जपला नव्हता. कांहीं हौशी प्रेक्षकांनीं घरच्या दूरचित्रवाणी-यंत्राजवळ ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपून घेतला होता.

त्या प्रेक्षकांच्या हातीं केवळ ध्वनि लागला. आजच्या गृहस्थाला चित्र आणि ध्वनि हीं दोन्ही, उपग्रहावरून जशीं येतात तशींच, घरच्या संगणकावर ठेवतां येतात. हें कसें घडतें, तें समजून घेण्यासारखें आहे.

दूरचित्रवाणीचे बहुतेक उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या गतीनेंच फिरत असल्यामुळें ते आकाशांत एका जागीं खिळल्यासारखे भासतात. म्हणूनच गच्चीवरची डिश एकदां नीट रोखली, कीं पुन्हां हलवावी लागत नाहीं. तिच्या तोंडाशीं जो लहानसा डबा असतो, तो लहरींची कंपनसंख्या कमी करून त्या तारेनें घरांत पाठवितो. तेथें संगणकांत बसविलेलें कार्ड किंवा बाहेरून जोडलेली पेटी त्या लहरींतून अंक वेचून काढते.

चित्र अंकांच्या रूपानेंच येतें, ही येथील मुख्य गोष्ट. ते अंक १८८ बाइटांच्या पुडक्यांत बांधलेले असतात. प्रत्येक पुडक्याचा पहिला बाइट ७१ ह्या संख्येचा असतो. त्यावरून पुडक्याचा आरंभ ओळखतां येतो. त्यापुढें, तें कोणत्या चित्राचें वा ध्वनीचें आहे हें सांगणारा क्रमांक असतो. एकाच लहरीवरून अनेक वाहिन्यांचीं पुडकीं मिसळून येतात. टपाल-कचेरींत पत्रें निवडावीं, त्याप्रमाणें संगणक हव्या त्या क्रमांकाचीं पुडकीं निवडतो व हार्ड डिस्कवर ओळीनें लिहून ठेवतो. कार्यक्रमांचें वेळापत्रक व घड्याळाची वेळ हींहि त्याच प्रवाहांतून मिळतात. त्यामुळें घरचीं माणसें निजलेलीं असलीं, तरी काम ठरल्या वेळीं होतें. दर सेकंदास ४० लाख बिट धरले, तर एका तासाला १.८ गिगाबाइट लागतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर साडेपांचशें तास मावतात. जर्मनींत क्लाऊस श्मिडिंगर ह्यांनीं २००० सालीं ह्याच कामासाठीं ‘व्ही. डी. आर.’ नांवाचें सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलें आणि तें सर्वांस विनामूल्य खुलें ठेविलें.

फितीवरून दुसरी फीत काढली, कीं चित्र थोडें अंधुक होत असे. पोथीची नक्कल करतांना लेखनिकाच्या हातून एखादा काना गळावा, तसाच तो प्रकार. अंकांची दहावी नक्कल मात्र पहिलीसारखीच असते. परंतु जें मुळांत पोंचलें नाहीं, तें संगणक निर्माण करीत नाहीं. मूळच्या युरोपीय पद्धतींत प्रत्येक पुडक्याबरोबर १६ जादा बाइट येतात व त्यांच्या साह्यानें ८ बाइटांपर्यंतच्या चुका दुरुस्त होतात. आषाढांतल्या मुसळधार पावसानें लहर त्याहून क्षीण झाली, कीं चित्राचे चौकोन होतात आणि ती तूट संग्रहांतहि कायम राहते.

आपल्याकडे प्रसार भारतीची बिनवर्गणीची उपग्रह-सेवा २००४ सालच्या डिसेंबरांत सुरू झाली. तीच आजची ‘डी. डी. फ्री डिश’. तीवरील ज्या वाहिन्यांना संकेताचें कुलूप नसतें, त्या संगणकावर सरळ टिपतां येतात. वर्गणीच्या सेवांच्या पेटींतहि मुद्रणाची सोय असते. परंतु तें मुद्रण बहुधा त्याच पेटींत उघडतें. पेटी बिघडली, कीं संग्रह असून नसल्यासारखा. कायद्याचा प्रश्नहि येथें उभा राहतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचें ३९ वें कलम स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं, अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं, केलेलें मुद्रण प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग मानीत नाहीं. त्याच्या प्रती विकणें ही अर्थातच निराळी गोष्ट होय.

आतां श्रोत्यांपैकीं कोणी म्हणतील, कीं इंटरनेटवर मागाल तेव्हां कार्यक्रम मिळतो, मग हा खटाटोप कशाला? परंतु मागितल्यावर जें मिळतें, तें देणाऱ्याच्या मर्जीनें मिळतें. एखादे दिवशीं तो कार्यक्रम यादींतून निघतो आणि पाहणाऱ्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. शिवाय रोजच्या बातम्या, गांवच्या जत्रेवरील पांच मिनिटांचा वृत्तांत, एखाद्या वृद्ध कलावंताची मुलाखत, हीं यादींत येतीलच असा नेम नाहीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मॅरियन स्टोक्स ह्या बाईंनीं १९७९ च्या सुमारापासून २०१२ मध्यें मृत्यु येईपर्यंत अहोरात्र बातम्या टिपल्या. सुमारें ७० हजार फितींचा तो संग्रह पुढें इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेकडे गेला. एका घरांतील छंद अशा रीतीनें सार्वजनिक दप्तर झाला.

मात्र डिस्कहि अमर नसते. जपण्याजोगें जें असेल, त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कांवर असाव्यात आणि शक्य तर दुसरी प्रत दुसऱ्या घरीं असावी. पोथी पुरी झाली म्हणजे लेखनिक शेवटीं शक, तिथि व आपलें नांव घालीत असे. त्याच रीतीनें प्रत्येक मुद्रणाला कार्यक्रमाचें नांव, वाहिनी व दिनांक त्याच दिवशीं लिहावा. वीस वर्षांनीं नातवंडांनीं तें उघडलें, तर आजोबांनीं काय जपलें, हें त्यांना कोणास विचारावें लागणार नाहीं.