चार चाकांची ओढ आणि आपली पांदण

(गोरेगाव येथील बैठकीतील भाषण)



'फोर व्हील ट्रॅक्टर घ्या, चिखलाची चिंता मिटली,' असं सध्या आपल्याला सांगितलं जातं. त्यात खरं किती आणि विकणाऱ्याची जीभ किती, एवढंच आज पाहू.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा गाऱ्याने भरल्या की टायर गुळगुळीत झाला म्हणून समजा. मग एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं जागेवर गप्प उभं राहतं. असं का? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवलेलं असतं. ते दोन्हीकडे सारखाच जोर देतं. आता आपली बैलजोडी आठवा. एका बैलाने अंग काढून घेतलं तर दुसरा कितीही दांडगा असो, जू तिरपं होतं आणि गाडी हलत नाही. घसरणारं चाक म्हणजे अंगचोर बैल. डिफरन्शियल लॉक म्हणजे जू तिरपं होऊ न देणं. हा लॉक आपल्या बहुतेक साध्या ट्रॅक्टरलाही असतो, पण टाचेजवळचं ते पेडल वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही! चाक रुतण्याआधी, वेग कमी करून, सरळ चालताना दाबायचं, वळताना सोडायचं. त्याला जादा पैसा लागत नाही.

चारी चाकं ओढू लागली की काय होतं? ट्रॅक्टरच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तरी पुढच्या चाकांवर असतो. एरवी ते वजन नुसतं वाहायचं. आता तेही ओढीला लागतं. परतीच्या पावसात कापसाची ट्रॉली काढताना हा फायदा खरा आहे, आम्ही तो नाकारत नाही. अडलेल्या बाळंतिणीला रात्री जीपमधून न्यायचं असेल तर त्याचा हिशेब पैशात होतच नाही.

पण ओढणं वेगळं, थांबणं वेगळं. जीपला ब्रेक एरवीही चारी चाकांना असतात. ओल्या उतारावर ती इतर गाड्यांसारखीच घसरते. आणि खोल चाकोरीत गाडीचं पोट मातीला टेकलं, की चार काय, आठ चाकं फिरवा. डांबरीवर आलात की ट्रॅक्टरचा लीव्हर काढून ठेवा. पुढची चाकं किंचित जास्त फिरतील अशीच जुळवलेली असतात, कडक रस्त्यावर टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

जादा पैसे कर्जातूनच यायचे. म्हणून सही करण्याआधी वर्षातले चिखलाचे दिवस मोजा, आणि पांदण कुणी अडवली आहे का तेही पाहा. अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे, त्यात बांधावरून रस्ता मागता येतो. ज्यांना अर्ज करायचे आहेत त्यांनी सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन बैठकीनंतर थांबावं.