मुलगा फुटबॉल चांगला खेळतो, पुढे काय?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात कुरुळी येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी तालीम या विषयावर बोलले जाते. दहावीनंतर आय.टी.आय. की डिप्लोमा, मुलींचे पुढचे शिक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे सर्व विषय होऊन गेले आहेत. या वर्षी चिटणीस साहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मला फुटबॉलवर बोलू द्या. ते हसले. पण कारण सांगितल्यावर त्यांनी होकार दिला. ते कारण आपणासही सांगतो.

गेल्या वर्षी रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एक पालक माझ्याकडे आले. मूळचे लातूरकडचे, कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहतात, चाकणला प्रेस शॉपमध्ये दुसऱ्या पाळीला असतात. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. त्यावर हिरवेगार मैदान, परदेशी क्लबासारखी जर्सी घातलेली मुले आणि शेवटी वर्षाची फी, पाऊण लाखाच्या आसपास. म्हणाले, "सर, पोरगा अकरा वर्षांचा आहे. सगळे म्हणतात याच्या पायात काहीतरी आहे. घरच्यांच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवतो. घालू का?"

मुलगा मी पाहिलेला होता. गोदामांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तो आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांत खेळतो, आणि चेंडू त्याच्याकडे आला की बाकीचे थांबून पाहतात. तेव्हा बापाची भूल होत होती असे मी म्हणणार नाही. पण "घालू का" या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्याची माझी तयारी नव्हती. मी त्यांना म्हटले, भाई, आठ दिवस थांबा.

अशा मुलांचे पालक मला दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, फुटबॉलने पोट भरते का? दुसरा बांगड्या घेऊन निघतो.

पहिल्या पालकाला मी हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम साहेबांची आठवण करून देतो. रहीमसाहेब शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि हैदराबादच्या शाळांतून शिकविणारे. १९५० पासून १९६३ साली इंतकाल होईपर्यंत भारताचा संघ त्यांच्या हाती होता. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, आणि १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा आपल्या अनेक मुलांना त्यांचे नाव प्रथमच कळले, याची मला थोडी खंत वाटते. हे रहीमसाहेब खेळाडूंसाठी अशा स्पर्धा भरवीत की ज्यांत फक्त दुबळ्या पायाने खेळावयाचे, किंवा ड्रिब्लिंग करावयाचेच नाही. याला काही खर्च येतो का? मैदान, चेंडू आणि विचार करणारा मास्तर, एवढेच लागते. आणि खेळ आपल्या समाजाला नवाही नाही. कोलकात्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली. त्याच संघाचा मोहम्मद सलीम १९३६ साली स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाकडून पायाला पट्ट्या बांधून, बुटाशिवाय खेळला.

आता बांगड्या घेऊन निघालेल्या पालकाकडे वळतो. त्यांच्यासाठी पुण्याचीच हकीकत आहे, फार लांब जावयास नको.

२००७ साली पुण्यात पुणे एफ.सी. हा व्यावसायिक क्लब निघाला. २०११ साली त्याची अकादमी सुरू झाली आणि ती चांगली होती. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला. कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि पुढे या अकादमीतून वर आला, आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पण २०१५ नंतर क्लब बंद पडला. २०१६ साली अकादमी एफ.सी. पुणे सिटी या दुसऱ्या क्लबाने घेतली. २०१९ साली तोही बंद झाला. मधल्या काळात डी.एस.के. शिवाजियन्स या तिसऱ्या क्लबाने इंग्लंडच्या लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी चालविली. तीही २०१७ साली बंद झाली. तेथे खेळ वाईट शिकवीत असे माझे म्हणणे नाही. जेरी लालरिनझुआला हा तेथलाच मुलगा, आणि २०१६ साली तो देशाच्या मोठ्या लीगमध्ये उदयोन्मुख खेळाडू ठरला. आशिकलाही २०१९ साली बेंगळुरूच्या क्लबाने घेतले, कारण तोपर्यंत तो भारतीय संघात पोहोचला होता. पण जो मुलगा त्या दिवशी तेरा वर्षांचा होता त्याचा विचार करा. हातात जर्सी आहे आणि क्लब नाही. अशा वेळी त्याच्याजवळ नववीचे गुणपत्रक असेल तर तो दहावीला बसेल. नसेल तर?

आणि हे जुने झाले असेही समजू नका. जुलै २०२५ मध्ये देशाच्या सर्वांत मोठ्या लीगच्या चालकांनी पुढचा हंगाम लांबणीवर टाकला, कारण महासंघाशी असलेला करार संपत आला होता. पुढे तोडगा निघाला, परंतु मधल्या काळात काही क्लबांनी पगार थांबविले. ज्यांचे नाव रोज वर्तमानपत्रात येते अशा खेळाडूंची ही स्थिती.

म्हणून मी त्या भाईंना म्हटले, पत्रक बाजूला ठेवा, आपण जाऊन पाहू. उद्घाटनाच्या किंवा सामन्याच्या दिवशी नव्हे. आम्ही एका मंगळवारी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी न कळविता गेलो. भोसरीला बस बदलून पुढे दुसरी बस, मग चालत. मी त्यांना एकच काम दिले. एका मुलावर नजर ठेवा आणि तासाभरात त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते मोजा. अठ्ठावीस मुले होती, चेंडू चार. मुले रांगेत उभी, आपली पाळी आली की एक फटका, की पुन्हा रांगेच्या शेवटी. प्रेसवर दिवसभर जॉब मोजणारा माणूस, मोजण्यात चुकण्याचा प्रश्न नव्हता. तास संपल्यावर म्हणाले, "एकोणीस वेळा, सर. आमचा पोरगा प्लॉटवर पाच मिनिटांत एवढा खेळतो."

मी त्यानंतर त्यांना फारसे काही समजावले नाही.

पालकांनो, आपणही असेच जाऊन पाहा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला लहान मैदानावर पाच-पाच, सहा-सहा जणांचे सामने मिळाले पाहिजेत, म्हणजे चेंडू वारंवार पायाशी येतो. आपल्या महासंघाने २०१८ पासून लहान मुलांच्या बेबी लीग सुरू केल्या त्या याच विचाराने. सर्वांत कच्च्या मुलाशी प्रशिक्षक कसा बोलतो ते ऐका. त्याला परवाना कोणता आहे ते विचारा. महासंघाचे ई आणि डी परवाने असतात, त्यापुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए. लहान मुलांसाठी डी परवाना पुष्कळ झाला, पण "मी राज्यपातळीवर खेळलो आहे" हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. अकादम्यांना महासंघ तारे देतो. पत्रकावर छापलेले तारे मोजू नका, महासंघाच्या यादीत नाव आहे का ते मुलाकडून मोबाइलवर काढून घ्या. वर्षात खरे सामने किती होतात ते विचारा. पावती मागा. पावतीचे नाव काढल्यावर जेथे चेहरा बदलतो तेथून परत या.

वयाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कोणी रागावू नये. दाखल्यावर वर्ष-दोन वर्षे कमी लावण्याची सवय आपल्याकडे आहे. महासंघाच्या वयोगटाच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय पाहतात. तेथे पकडलेला मुलगा बाहेर जातो, आणि लाज त्याच्या वाट्याला येते. गाव सोडून आलेल्या पुष्कळ कुटुंबांकडे जन्माचा दाखलाच नसतो. तो आजच काढून ठेवा, निवड चाचणीच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. आणि बारा-तेराव्या वर्षी ज्या मुलाची उंची आधी वाढते तो सर्वांत पुढे दिसतो, एवढेच. मेस्सी २००० साली तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला तेव्हा त्याच्यावर वाढीचे उपचार चालू होते. ठेंगणा म्हणून आपल्या मुलाला कोणी नाकारले तर लगेच खचू नका.

मग मुलाला घालावयाचे कोठे? माझे मत विचाराल तर तेराव्या वर्षापर्यंत घराजवळ आणि शाळेत. पुणे-नाशिक रस्त्यावरची कंटेनरांची रांग आपण रोज पाहता. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास त्या रस्त्यावर काढून रात्री दहाला घरी आलेला मुलगा ना अभ्यासाचा राहतो ना खेळाचा. शाळेच्या संघाला सुब्रतो चषक आहे. १९६० पासून वायुदलाच्या वतीने ही स्पर्धा होते. पंधरा वर्षांखालील मुले, सतरा वर्षांखालील मुले आणि मुली, असे गट आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ दिल्लीच्या मैदानापर्यंत जाऊ शकतो. निवड करणारे लोक या सामन्यांना येतात. पण यात शाळेच्या पटावर नाव असलेलाच मुलगा खेळतो, हे विसरू नका. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यालाही प्रमाणपत्र लागते आणि शिक्षणही लागते.

त्यानंतर मुलगा खरोखरच पुढे असेल तर निवासी संस्थांच्या निवड चाचण्यांना जरूर पाठवा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत उभी उडी, तीस मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक, आठशे मीटर धाव अशा चाचण्या घेतात. त्या वर्षी फुटबॉलला जागा आहेत का ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ सालची आहे. रिलायन्स फाउंडेशनची नवी मुंबईतील अकादमी २०१५ साली सुरू झाली. या ठिकाणी निवडलेल्या मुलाचा खर्च संस्था करते आणि शाळाही चालू ठेवते. ज्याला आपला मुलगा खरोखर हवा आहे तो आपल्याकडे पाऊण लाख मागत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. जागा मात्र फार थोड्या असतात.

वसतिगृहात पाठवताना जेवण हलाल मिळेल का, जुम्म्याची नमाज, रमजानमध्ये सराव कोणत्या वेळी, हे पहिल्याच दिवशी विचारावे. संकोच नको, भांडणही नको. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टरचा वेस्ली फोफाना याला रोजा सोडता यावा म्हणून चालू सामना क्षणभर थांबविण्यात आला होता, तर आपला प्रशिक्षक सरावाची वेळ का बदलणार नाही?

मातांनो, आपल्या सातवीतील तीन मुली मधल्या सुट्टीत मुलांच्या बरोबरीने खेळतात हे मी पाहिले आहे. डोके झाकून खेळण्यास २०१४ पासून आंतरराष्ट्रीय नियमात पूर्ण परवानगी आहे. २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचे सामने बालेवाडीत झाले. तेव्हा मुलींच्या संघासाठी किमान अकरा नावे मला हवी आहेत, आणि आज तीनच आहेत.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. तो या सभागृहातच बसला आहे, म्हणून नाव सांगत नाही. या वर्षी चाचणीला गेला होता. धावण्यात पुढे होता, उभ्या उडीत मागे पडला, निवड झाली नाही. दोन दिवस जेवला नाही असे त्याची अम्मी सांगत होती. तिसऱ्या दिवशी प्लॉटवर दिसला, डाव्या पायाने खेळत. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे. तोपर्यंत तो आपल्या पंधरा वर्षांखालील संघात आहे. बांगड्या घरी आहेत. त्याच्या वडिलांनी आणि त्यांच्या कंपनीतील दोन मित्रांनी जुन्या पाइपांतून शाळेसाठी दोन गोलपोस्ट वेल्डिंग करून दिले. त्यांना जाळी अजून नाही, चेंडू मागच्या गटारात जातो. सराव सकाळी साडेसहाला असतो. दुसऱ्या पाळीचे जे पालक त्या वेळी मोकळे असतात त्यांपैकी दोघे जण आले तरी पुरे, एक गटाराकडे उभा राहील आणि एक रस्त्याकडे.