काँक्रीटचा ताप आणि अभियंत्याची निष्ठा
(अभियंता दिनी अकोले येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



सिमेंट आणि पाणी एकत्र आले की रासायनिक क्रियेतून उष्णता निर्माण होते. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते. धरणाच्या भिंतीत वा पुलाच्या जाड खांबात मात्र कोंडते. गाभा तापलेला आणि पृष्ठभाग निवालेला, या ओढाताणीत तडे जातात. तड्यांतून पाणी शिरते.

यावरील एक उपाय आपल्याच परिसरात योजला गेला. घाटघरच्या २५० मेगावॉट उदंचन जलविद्युत प्रकल्पात भारतातील पहिली रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची धरणे उभी राहिली. त्या मिश्रणात सिमेंटपेक्षा औष्णिक वीजकेंद्राची राख अधिक होती. टाकाऊ मानलेल्या राखेनेच काँक्रीटचा ताप उतरवला.

पॉलिमर मिश्रके हेच कार्य दुसऱ्या मार्गाने साधतात. पॉलीकार्बोक्झिलेटचे रेणू सिमेंटच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. त्यामुळे कमी पाण्यातही काँक्रीट प्रवाही राहते. पाणी घटले की तेवढ्याच बळासाठी सिमेंट कमी लागते आणि उष्णताही घटते.

परंतु मिश्रक घातले म्हणून निगा टळत नाही. भारतीय मानक ४५६ : २००० ने साध्या सिमेंटला किमान ७ व राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओलावा सांगितला. तिसऱ्याच दिवशी पाणी मारणे थांबवले, तर त्या दिवशी कोणालाच काही दिसत नाही. तडा पुढच्या पिढीला दिसतो. राष्ट्रनिर्माणाचा उच्चार आपण सभांतून करतो. त्याची कसोटी त्या दहाव्या दिवशी, कोणी पाहत नसताना लागते. तेथे आपण उणे पडू नये, एवढीच प्रार्थना.